दिवसपाळी

रात्री बाराच्या सुमारास विहिरीवरचा बल्ब लागला की माझे चुलते, आबा, अंथरुणातून उठत. बल्ब लागला, म्हणजे थ्री फेज आली. डोक्याला मफलर गुंडाळायचा, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं, आणि अंगणातनं मोठ्यानं खाकरत निघायचं. खाकरता कशाला, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. "वाटंत जी काय जनावरं असतील त्यास्नी कळाय नको व्हय, माणूस आला म्हणून?" असं उत्तर मिळालं. पुढं पाच-सहा तास वाफ्यामागून वाफा. एक भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि शेजारच्याचं उघडायचं. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात याला दारं धरणं म्हणतात. पौषातल्या थंडीत रात्रभर दारं धरलेल्या माणसाला सकाळी चहाची कपबशी नीट धरता येत नाही. साप, विंचू आणि अलीकडे उसातला बिबट्या हे त्यात जमेस धरलेलंच असतं.

हे काम रात्रीच का? आपल्याकडे शेतीला वीज मिळते ती चक्राकार पद्धतीनं. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीचे दोन तास जास्त आहेत ते शेतकऱ्यावरच्या मायेपोटी नव्हेत. कोळशावरचं वीजकेंद्र म्हणजे दिव्याचं बटण नाही. बॉयलर तापवलेला असतो, शहर झोपलं म्हणून त्याला झोपवता येत नाही. संचाचा भार फार तर ५५ टक्क्यांपर्यंत उतरवायचा, असा आपल्याकडचा दंडक होता. आता तो ४० पर्यंत नेण्याचे नियम आले आहेत, पण जुन्या यंत्रांना ते जड जातं. मग मध्यरात्रीची ती वीज कुणीतरी वापरायला हवी. कारखानदार काही रात्री तीनला कांदा भिजवायला उठत नाही. आबा उठत होते.

म्हणून 'दिवसा वीज द्या' ही मागणी महाराष्ट्राच्या शेतकरी आंदोलनांत इतकी वर्षं टिकून राहिली. २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या दारात दिवसा दहा तास विजेसाठी शेतकरी ठिय्या देऊन बसले होते. फुकट द्या असं नव्हे, दिवसा द्या. पुढे २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना आली, तेव्हा आबा म्हणाले होते, "फुकाट दिली, पर रातच्यालाच दिली."

अक्षय ऊर्जेवर लिहायला बसलं की ध्रुवावरचा बर्फ, ग्लासगोची परिषद आणि २०७० चं उद्दिष्ट यांनी सुरुवात करायची रीत आहे. ते सगळं खरं आहे आणि गरजेचंही आहे. पण मला या विषयाची गोडी लागली ती आबांच्या मफलरमुळे. दिवसा वीज हवी असेल, तर दिवसाच उगवणारं वीजकेंद्र हवं. ते आपल्याकडे पहिल्यापासून होतंच.

राज्य सरकारनं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि राळेगणसिद्धीतून तिची सुरुवात केली. वाहिनी म्हणजे फीडर, उपकेंद्रातून फक्त शेतीपंपांकडे जाणारी तार. कल्पना साधी आहे. उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत जमीन घ्यायची, तिथं दोन-पाच मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट त्या वाहिनीत सोडायची. शेतकऱ्याला मोटार बदलावी लागत नाही. विहीर तीच, केबल तीच, स्टार्टरचा डबाही तोच. बदलते ती फक्त वेळ. २०२३ मध्ये ही योजना '२.०' होऊन आली आणि तिचं लक्ष्य १६,००० मेगावॉटपर्यंत गेलं. खासगी जमीन भाड्यानं दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ. कोरडवाहू माळावर ज्याची बाजरी दोन वर्षांतून एकदा पिकते, त्याला हा हिशेब समजवायला फार वेळ लागत नाही.

महावितरणच्या बाजूनंही गणित जुळतं. या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. लांबून आणलेली वीज त्याहून महाग, वर वाटेतली गळती. शेतीच्या स्वस्त विजेचा भार आजवर कारखाने आणि दुकानदार चढ्या दरानं उचलत आले. चाकणच्या आणि इचलकरंजीच्या उद्योजकांची तक्रार हीच असते. तो भार थोडा जरी हलका झाला तरी पुष्कळ. माझ्या मते सौरऊर्जेचा याहून शहाणा वापर दुसरा नाही. रब्बीच्या पिकाला पाणी लागतं ते कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, आभाळ निरभ्र असतं तेव्हाच. आणि पाणी साठवून ठेवता येतं. विजेचं तसं नाही. शेततळं हीच शेतकऱ्याची बॅटरी.

पण आपण सगळेच काही कांद्याला पाणी देत नाही.

साताऱ्यातल्या आमच्या घरावर मी दोन वर्षांपूर्वी तीन किलोवॉटचे पॅनेल बसवले. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तेवढ्याला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. मीटर दोन्ही बाजूंनी फिरतो. दिवसा आपली जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तारेतली आपण घेतो, महिनाअखेर वजाबाकी. पहिलं बिल आलं तेव्हा मी ते शेजाऱ्यांना दाखवत फिरलो. मग वसुबारसेच्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. बायको चकलीची भाजणी दळायला बसली होती. छतावर लख्ख ऊन, आणि घरात घरघंटी बंद. "अहो, आपलं ते वर आहे ना?" तिनं विचारलं. मी गच्चीवर जाऊन पॅनेलकडे बघत उभा राहिलो, जणू बघितल्यानं ते सुरू होणार होते.

ते सुरू होत नाहीत, आणि होऊ नयेत अशीच त्यांची रचना आहे. तारेतली वीज गेली की इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी, पण बॅटरीनं खर्च कुठल्या कुठं जातो. बसवून देणाऱ्या ठेकेदारानं हे सांगितलं नव्हतं. त्यानं आणखीही एक सांगितलं नव्हतं. एका पॅनेलवर सावली पडली तर त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांची वीजही घटते. शेजाऱ्यांनी यंदा वरचा मजला चढवला. संध्याकाळी चार वाजताच माझा सूर्य मावळतो. ज्यांना मी बिल दाखवलं होतं, तेच हे शेजारी.

छतावरची ही गोष्ट राज्याच्या आणि देशाच्या पातळीवर तशीच्या तशी घडते आहे. २०२५ च्या मध्याला देशाच्या वीज-क्षमतेतला अर्ध्याहून किंचित जास्त वाटा कोळसा, वायू आणि तेल यांच्याखेरीजच्या साधनांचा झाला. मथळे झळकले. त्याच सुमारास प्रत्यक्ष वापरलेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज मात्र कोळशाचीच होती. दोन्ही आकडे खरे आहेत. क्षमता मेगावॉटमध्ये मोजतात, वापर युनिटमध्ये. एक मेगावॉटचा सौरप्रकल्प वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट देतो. कोळशाचा तेवढाच संच नीट चालला तर त्याच्या चौपट देतो, कारण तो रात्रीही चालतो. ज्याला अर्धा दिवस सुटी आहे आणि उरलेल्यातही सकाळ-संध्याकाळ रेंगाळतो, असा गडी आपण कामावर ठेवला आहे. मजुरी कमी मागतो, धूर करत नाही, हे त्याचे गुण. पण दिवेलागणीला, घराघरात पंखे, टीव्ही आणि शेगड्या एकदम सुरू होतात तेव्हा, तो घरी गेलेला असतो.

तेव्हा मग वाऱ्याला विचारायचं.

साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूनं ठोसेघर ओलांडून वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पुढं पाटण तालुक्यातलं वनकुसवडे. विसाव्या शतकाच्या शेवटी इथं पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या आणि बघता बघता पठारभर झाल्या. एकेकाळी आशियातल्या मोठ्या पवनप्रकल्पांत याचं नाव घेत. आम्ही कॉलेजातली पोरं मोटारसायकली काढून पात्यांखाली फोटो काढायला जायचो. गावकऱ्यांत तेव्हा एक बोलवा होती, या चक्क्या ढग पळवून लावतात म्हणून पाऊस पडत नाही. शास्त्रज्ञांनी ती खोडून काढली. पण जमीन कवडीमोलानं गेलेल्या माणसाला पाऊसही तिकडंच गेला असं वाटलं, तर त्याला हसण्यात अर्थ नाही.

त्या चक्क्या एवढ्या झपाट्यानं का आल्या, याचं उत्तर वाऱ्यात कमी आणि प्राप्तिकरात जास्त होतं. पवनचक्की घेतली की तिची जवळजवळ सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून कर वाचवता यायचा. चक्की फिरली तर आनंद, नाही फिरली तरी कर वाचलाच. ज्यांनी हे पठार कधी पाहिलंही नाही, असे लोक त्यामुळे पवनचक्क्यांचे मालक झाले. तयार होणाऱ्या युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना केंद्रानं २००९ मध्ये आणली, तेव्हा कुठं वीज किती झाली याला महत्त्व आलं. घसाऱ्याची सवलत २०१२ मध्ये थांबवली, तशा नव्या चक्क्याही रोडावल्या. २०१४ मध्ये ती परत आणावी लागली.

वाऱ्याचा हिशेब मोठा विचित्र असतो. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते. निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरतो. आणि आपल्या सह्याद्रीवर वारा येतो तो आषाढ-श्रावणात. पठारावर तेव्हा उभं राहवत नाही, धुक्यात पाती दिसत नाहीत, नुसता घुंईघुंई आवाज येतो. वर्षाच्या विजेचा मोठा हिस्सा या तीन-चार महिन्यांत होतो. ऊन नसतं तेव्हा वारा असतो, हा योग चांगलाच. पण त्याच महिन्यांत आबांची मोटार बंद असते, आणि मार्गशीर्षात मोटार चालू असते तेव्हा पाती आळसावून उभी असतात. वाऱ्याच्या उत्तम जागा या जुन्या, साडेतीनशे किलोवॉटच्या बुटक्या यंत्रांनी अडवून ठेवल्या आहेत. त्यांच्या जागी आजची उंच यंत्रं लावली तर त्याच पठारावरून कितीतरी जास्त वीज निघेल. धोरण कागदावर आहे. पण जागेचा मालक एक, यंत्राचा दुसरा, तार तिसऱ्याची.

चाळकेवाडीच्या सड्यावर वसंतात गेलात तर खाली बघून चाला. जांभ्या दगडावर वीतभर लांबीचा एक सरडा मान उंचावून बसलेला दिसेल. नराच्या गळ्याखाली पंखा असतो. तो उघडला की निळा, काळा आणि केशरी असा रंग उन्हात चमकतो. मादीला भुलवायचं किंवा शेजाऱ्याला दरडावायचं, तर हा पंखा उघडझाप करतो. याची ओळख शास्त्राला २०१६ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून झाली, आणि तिच्या वंशाचं शास्त्रीय नावच मुळी 'सरडा' आहे. आपला मराठी शब्द, सरळ उचललेला. नाव पूर्ण घ्यायचं तर सरडा सुपर्बा.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पठारावर अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी, चक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत, जवळपास चौथा हिस्साच दिसले. पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. इथवर कुणालाही सुचेल. पुढचं मात्र मला बरेच दिवस डोक्यातून काढता आलं नाही. त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते. भीतीच गेली होती. आणि गर्दी झाल्यामुळे अंगानं ते खंगलेले होते. ज्या पठारावर माणसांनी फक्त विजेच्या चक्क्या लावल्या, तिथं एका सरड्याच्या स्वभावापर्यंत फरक पोचला.

म्हणून चक्क्या नकोत असं मी म्हणत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात राखेचा वास घेतलेला माणूस तसं म्हणणार नाही. २,९२० मेगावॉटचं ते केंद्र, भोवतीच्या खाणी, आणि कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे जळणारा सुमारे सातशे ग्रॅम दगडी कोळसा. सरड्याच्या ताणाची गोष्ट करायची तर तिथल्या पोरांच्या छातीचीही करावी लागेल. मला खटकतो तो 'स्वच्छ' हा शब्द. धूर नाही एवढाच त्याचा अर्थ. खर्च नाही असा तो कुणी लावू नये.

महाराष्ट्राला हे शंभर वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. मुंबईच्या गिरण्यांना धूर न करणारी वीज हवी, म्हणून टाटांनी सह्याद्रीत धरणं बांधली. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं पाण्याखाली गेलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकारानं मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि धरण झालं ते झालंच. धरणाविरुद्धचा तो जगातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक मानतात. तो लढा होता तो आज आपण ज्याला अक्षय ऊर्जा म्हणतो, तिच्याविरुद्धच.

कोयनेचंही तसंच. १,९६० मेगावॉटची ही जलविद्युत म्हणजे महाराष्ट्राच्या संध्याकाळचा आधार. पोफळीच्या डोंगराच्या पोटातली यंत्रं काही मिनिटांत पूर्ण ताकदीनं फिरू शकतात. सूर्य मावळला, भार वाढला की इथली दारं उघडायची. जलाशयाच्या तळाला छेद देणारं लेक टॅपिंग १९९९ मध्ये झालं, तेव्हा उभं राज्य त्या बातमीकडे डोळे लावून होतं. २०१२ मध्ये ते पुन्हा झालं. पण कोयनेची टाकीही अमर्याद नाही. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ते पाणी वीज देऊन वाशिष्ठीतून समुद्राला जातं. त्याच धरणाचं दुसरं पाणी कृष्णेला मिळून पूर्वेला जातं आणि तिथं टेंभू, ताकारीसारख्या योजना ते वीज जाळून शेकडो फूट वर उचलतात. एका अंगानं पाणी पाडून वीज करायची, दुसऱ्या अंगानं वीज लावून पाणी चढवायचं. वेड्याचा कारभार वाटेल, पण दुष्काळी माण-आटपाडीला विचारा.

चढवलेलं पाणीच पुन्हा पाडून वीज करणं, हीच आता संध्याकाळच्या प्रश्नावरची मोठी आशा मानली जाते. घाटघरला २००८ पासून हे चालू आहे. वर एक तलाव, खाली चोंढ्याला दुसरा. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, महाग असेल तेव्हा खाली सोडायचं आणि २५० मेगावॉट घ्यायचे. टाकलेल्या चार युनिटांतलं सुमारे एक वाटेत जातं, पण दुपारी वाया जाणाऱ्या उन्हापेक्षा ते बरं. यासाठी डोंगर लागतो, उतार लागतो, पाणी लागतं. म्हणजे पुन्हा सह्याद्रीच. घाटमाथ्यावर अशा अनेक प्रकल्पांची आखणी सुरू आहे. मुळशी तिथून फार लांब नाही.

आणि माळ. सौरप्रकल्पाला मेगावॉटमागे चार-पाच एकर लागतात. १६,००० मेगावॉट म्हटल्यावर गुणाकार तुम्हीच करा. सरकारी जमीन नाममात्र एक रुपया भाड्यानं मिळते, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. सातबाऱ्यावर 'पडीक' लिहिलेलं असतं. तो शब्द ज्यानं लिहिला त्यानं तिथं मेंढरं चारली नसणार. दिवाळीनंतर वाड्यावर येणारा धनगर, त्याची मेंढरं, त्यामागून फिरणारा लांडगा, चिंकारा, या सगळ्यांचं घर म्हणजे तो 'पडीक' माळ. तिथं एकदा जाळीचं कुंपण पडलं की धनगराला पंचवीस वर्षं वळसा. ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख मिळतात. धनगर त्या ग्रामपंचायतीचा मतदार नसतो. राजस्थान-गुजरातेत माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या असा आदेश झाला, २०२४ मध्ये तो शिथिल झाला. आमच्या सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. तिथंही तो आता क्वचितच दिसतो.

आबांना गेल्या वर्षी राज्य सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून पाच अश्वशक्तीचा सौरपंप मिळाला. अडीच ते पाच एकरवाल्याला पाचचा मिळतो. दहा टक्के हिस्सा त्यांनी कांद्याच्या पट्टीतून भरला. हा पंप तारेला जोडलेला नाही, पॅनेलची वीज थेट पंपाला. मी म्हटलं, आबा, आता झोपा निवांत. तर म्हणाले, रात्री बाराला डोळा आपोआप उघडतो, सवयच ती.

या पंपाचीही एक गोम आहे. चालवायला पैसा लागत नाही, मग थांबवायचा कशाला? मोटार बंद करायला हवी ही आठवण पूर्वी वायरमन, फ्यूज आणि बिल करून द्यायचे. कायद्यानं साठ मीटरच्या खाली शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. पण गावोगाव बोअरची गाडी घरघरते आहे, आणि ती खोली मीटरात मोजत नाही. ऊन अक्षय आहे, विहिरीतलं पाणी नाही. आबांच्या विहिरीला फाल्गुनात पूर्वी चार तास उपसा टिकायचा. यंदा तीन तासांत तळ दिसला. शेजारी दोन सौरपंप नवे आहेत.

गेल्या महिन्यात मी एक दिवस त्यांच्याबरोबर रानात बसलो होतो. सकाळी नऊला पाइपातून येणारं पाणी करंगळीएवढं. दहाला मनगटाएवढं. बाराला फुफाटत येऊन पाटाची माती उडवायला लागलं. पंपाचा आवाजही तसाच चढत गेला. मग नैर्ऋत्येकडून एक ढग आला, रानावरून त्याची सावली सरकत गेली, आणि आवाज एकदम खाली आला. पाणी पातळ झालं. आबा खोऱ्यावर रेलून वर बघत उभे राहिले. ढग गेला, पुन्हा पाणी. दिवसभर त्यांचं लक्ष पाटाकडे कमी आणि आभाळाकडे जास्त.

साडेचारला धार पुन्हा मनगटावर आली, साडेपाचला करंगळीवर. पंपानं एक उसासा टाकला आणि थांबला. कांद्याच्या दोन सऱ्या राहिल्या होत्या. आबांनी खोरं विहिरीच्या कठड्याला टेकवलं, पाय धुतले आणि निघाले. अंगणात काकी दिवे पुसत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"अवो, झालं का सगळं?"

"दोन सऱ्या ऱ्हायल्या."

"मग?"

"उद्या ऊन पडंल की."

काकींनी वाती कापसाच्या पुड्यात ठेवल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या. अजून सात वाजले नव्हते.